चिटणीसपद सोडा, मंडळ सोडू नका

पत्र

मी निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या निवृत्तांच्या मंडळात गेले. काही शिकावं, फिरावं, चार माणसांत वेळ जावा, एवढाच हेतू होता. पहिल्याच वार्षिक सभेत ‘तुम्ही लिहिता छान’ म्हणून मला चिटणीस केलं, ते आजतागायत. दर महिन्याला एक व्याख्यान, वर्षातून दोन सहली, अधूनमधून गाण्यांचा कार्यक्रम. हॉल ठरवायचा, वक्त्यांना फोन करायचे, खुर्च्या मांडून घ्यायच्या, महिनाअखेर बातमीपत्र लिहून, छापून वाटायचं, सगळं माझ्याकडे. कागदावर शंभराच्या वर सभासद आहेत, येतात तेच ते वीस-पंचवीस. नवीन कोणी आलं तर मागच्या रांगेत बसतं आणि पुन्हा दिसत नाही. रस्त्यात भेटले की सगळे म्हणतात, ‘बातमीपत्र वाचलं, कार्यक्रम छान झालेला दिसतोय!’ मदतीसाठी मी सभेत अनेकदा आवाहन केलं, एक हात वर झाला नाही. अध्यक्ष म्हणतात, नामवंत वक्ते आणा, गर्दी होईल. एक निवृत्त अधिकारी प्रश्नोत्तरांच्या वेळी दरवेळी स्वतःचंच भाषण करतात. आमच्या एक जुन्या सभासद, ज्या एकही कार्यक्रम चुकवायच्या नाहीत, त्यांनी येणं बंद केलंय. ‘तब्येत’ म्हणतात, पण रोज सकाळी फिरताना दिसतात. शिवाय हल्ली बातमीपत्राच्या पहिल्या पानावर निधनवार्ताच जास्त असतात, त्या कुठे छापाव्यात तेही कळेनासं झालंय. घरचे म्हणतात, सोडून दे. सोडलं तर मंडळ बंद पडेल. काय करू?

— एक दमलेली चिटणीस

उत्तर

ताई,

उत्तर आधी देते, कारणं मग. सोडा. येत्या वार्षिक सभेला चिटणीसपद सोडा, आणि सोडणार आहात हे कार्यकारिणीला आजच लेखी कळवा. आयत्या वेळी सांगितलंत तर ‘फक्त हे एक वर्ष’ म्हणून पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल. तुमच्यासारख्या माणसांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हे अशा सभांना पक्कं ठाऊक असतं.

मंडळ बंद पडेल ही भीती खोटी नाही. पण हॉल वेळेवर उघडतो, खुर्च्या मांडलेल्या असतात, बातमीपत्र दारात येऊन पडतं, तोवर शंभर माणसांना हे सगळं आपोआप होतं असंच वाटत राहणार. तुम्ही जितकं नीटनेटकं काम कराल तितकं ते कुणाच्या नजरेला पडणार नाही.

सभेला अजून काही महिने असतील. त्या काळात काय करता येईल ते लिहिते. कामाचा बोजा तुम्ही सहज पेलला असतात, जर माणसं आली असती. इतकं करून हॉल रिकामा, याने तुम्ही दमला आहात.

अध्यक्षांच्या सूचनेपासून सुरुवात करते. नामवंत वक्ता आणला तर त्या दिवशी गर्दी होईल, हे खरं. पुढच्या महिन्यात ती कुठे असेल? जिथे पुढचा नामवंत वक्ता असेल तिथे. व्याख्यान ऐकणाऱ्याकडून मंडळाला काहीच हवं नसतं, तो आला काय आणि न आला काय, व्याख्यान होतंच. आणि उत्तम व्याख्यानं आता प्रत्येकाच्या फोनवर पडलेली आहेत, गुडघे न दुखवता, हवी तेव्हा थांबवून ऐकता येतात. त्या शर्यतीत तुमच्या मंडळाने उतरूच नये. ज्या ठिकाणी आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडतं, तिथे माणूस पाऊस असला तरी जातो.

हा पेच तुमच्या मंडळाचाच आहे असं समजू नका. निवृत्तांनी एकत्र येऊन शिकायचं, या कल्पनेच्या जन्मापासून तो आहे. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर वेलास या प्राध्यापकांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं. विद्यापीठातले प्राध्यापक शिकवणार, निवृत्त मंडळी येऊन ऐकणार. ना प्रवेश परीक्षा, ना शेवटी परीक्षा. कल्पना झपाट्याने पसरली, दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, पोलंडमध्ये वॉर्सालाही असं विद्यापीठ निघालं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच कल्पना ब्रिटनमध्ये पोहोचली, तेव्हा केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणाच्या क्षेत्रातले एरिक मिडविंटर यांनी तिला एक मोठी कलाटणी दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. निवृत्त झालेल्यांत शिक्षक आहेत, नर्स आहेत, इंजिनीअर आहेत, सुतार आहेत, आयुष्यभर हिशेब लिहिलेली माणसं आहेत. मग शिकवायला बाहेरून माणूस कशाला हवा? जो शिकवील तो शिकेलही, आणि जो शिकेल त्याने जमेल ते शिकवावं. विद्यापीठाची इमारत नको, पगारी प्राध्यापक नकोत, प्रमाणपत्रं नकोत. पाच-दहा जणांनी कुणाच्या तरी घरी किंवा एखाद्या छोट्या खोलीत जमायचं आणि सुरुवात करायची.

म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे संसार उभे राहिले. तुलूझच्या पद्धतीत दर्जेदार शिक्षण मिळतं, पण त्यासाठी मागे विद्यापीठ लागतं. केंब्रिजच्या पद्धतीत सगळं ओबडधोबड, पण तिथे कुणी नुसता प्रेक्षक नसतो. ब्रिटनमध्ये आज अशी हजाराहून जास्त स्थानिक मंडळं आहेत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही हीच पद्धत रुजली. आता तुमच्या मंडळाकडे बघा. तुम्ही चालवताय तुलूझ, आणि तुमच्यामागे विद्यापीठ नाही. तुमच्या मंडळात विद्यापीठ म्हणजे तुम्ही एकट्या!

तेव्हा मासिक व्याख्यान राहू दे, पण ते मंडळाचं मुख्य काम नको. मुख्य काम छोटे गट. सहा ते बारा माणसं, एका टेबलाभोवती मावतील एवढीच. बाराच्या वर गेले की दोन जण बोलतात आणि बाकीचे पुन्हा श्रोते होतात.

गट कुठून आणायचे? इथे तुमचं आवाहन अडलं, आणि ते अडणारच होतं. मॅक्सिमिलियन रिंगलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, त्यांचे निष्कर्ष १९१३ साली छापून आले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला, आठ जण एकत्र ओढायला लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर आला होता. सभेत ‘कोणीतरी पुढे या’ म्हटल्यावर काय होणार, ते यात आलंच. हात वर न करणाऱ्यांना आळशी म्हणू नका. प्रत्येकाला मनापासून वाटतं की आपल्यापेक्षा लायक कुणीतरी या खोलीत आहे.

म्हणून आवाहन बंद करा. एक कागद करा, त्यावर दोनच प्रश्न. मला काय शिकायला, करायला आवडेल? आणि मला काय करता येतं, जे मी दुसऱ्याला दाखवू शकेन? क्रम हाच ठेवा. दुसरा प्रश्न आधी विचारलात तर निम्मे लोक ‘काही नाही’ लिहून कागद परत देतील. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस सांगतो, मला विशेष काही येत नाही! त्यात खोटा विनय नसतो, जे रोज केलं ते त्याला कौशल्य वाटतच नाही. तो कागद घरी पाठवू नका, समोर बसून भरून घ्या. गप्पांच्या ओघात कुणी तरी म्हणेल की त्यांच्याकडे जुनी दुर्बीण पडून आहे, कुणी म्हणेल लहानपणी बुद्धिबळ खेळायचो, कुणाला जुने फोटो फोनवर घेऊन नातवंडांसाठी नीट लावून ठेवायचेत. तिथेच तुमचा गट आहे. मग त्या माणसाला एकट्याला गाठा, नाव घेऊन विचारा: ‘सहा वेळा जमायचं. तुम्ही सांभाळाल?’

सहा वेळा, हे महत्त्वाचं आहे. ज्याला शेवट दिसत नाही त्या कामाला या वयात कुणी हो म्हणत नाही, आणि का म्हणावं? तुमचंच उदाहरण समोर आहे. सहा बैठकांनी गट संपला तर संपला, त्याला अपयश म्हणायचं नाही. चालला तर आणखी सहा. आणि गट सांभाळणारा त्या विषयातला जाणकारच असला पाहिजे असं नाही. परकी भाषा शिकणाऱ्या गटात कुणालाच ती भाषा येत नसेल तरी चालेल, फक्त पुढचा धडा कोणता आणि तो कुणी आणायचा एवढं ठरवणारं कोणीतरी हवं. जाणकार नसला तर उलट बाकीच्यांची भीड चेपते.

विषय निवडताना एक आग्रह मात्र धरा: काही गट अवघड असू द्या. निवृत्तांच्या मंडळांना एक खोड असते. या वयात कशाला डोक्याला ताप, म्हणून सगळं हलकंफुलकं ठेवायचं. अमेरिकेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. साठ ते नव्वद वर्षांच्या २२१ जणांना त्यांनी वेगवेगळ्या गटांत विभागलं. काहींना तीन महिने, आठवड्याला सरासरी पंधरा तासांहून जास्त, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम, म्हणजे कापडाचे तुकडे जुळवून नक्षीच्या गोधड्या शिवणं, नाहीतर दोन्ही शिकवलं. दोन्हीतही बऱ्यापैकी डोकं लागतं. आणखी एका गटाने तेवढाच वेळ एकत्र घालवला, पण गप्पा, खेळ, सहली अशा गोष्टींत, नवीन काही न शिकता. नवीन कौशल्य शिकणाऱ्यांची आठवणशक्ती सुधारली, आणि नुसतं एकत्र येणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. याचा अर्थ स्मृतिभ्रंश टळतो असा नाही. बातमीपत्रात तसं काही छापू नका, आधीच व्हॉट्सॅपवर त्या थाटाचे पुष्कळ उपाय फिरत असतात. अर्थ इतकाच की मंडळीत बसणं आणि डोकं चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुमच्या मंडळात दुसऱ्याला जागा नाही. गाण्यांचे कार्यक्रम चालू ठेवाच, ते आनंदाचे असतात आणि आनंदाला आणखी कारण लागत नाही. पण ज्यांना अजून धडपडायचं आहे त्यांच्यासाठीही काही असू दे. मागच्या रांगेतून उठून गेलेल्यांपैकी काही जण तेच शोधायला आले असतील.

आता बातमीपत्र. ‘बातमीपत्र वाचलं, कार्यक्रम छान झालेला दिसतोय.’ ताई, हे कौतुक म्हणून ऐकू नका. लोकांना तुमच्या कार्यक्रमाला यावं लागत नाही, कारण तुम्ही तो इतका छान लिहून घरपोच देता. पाहुणे कोण होते, ते काय म्हणाले, स्वागत कुणी केलं, आभार कुणी मानले. वाचून झालं की कार्यक्रम पदरात पडला, शिवाय आपण गेलो नाही याची टोचणीही थोडी कमी होते. झालेल्याचा वृत्तांत चार ओळींवर आणा. बाकीची जागा होणार असलेल्या गोष्टींना द्या, आणि त्या अशा लिहा की पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या मनातल्या शंका फिटतील. नमुना देते:

‘आकाशदर्शन गट. शुक्रवारी संध्याकाळी सात ते साडेआठ, गच्चीवर. लिफ्ट आहे, पण शेवटचा जिना चढावा लागतो, कठडा भक्कम आहे. बसायला खुर्च्या आहेत. दुर्बीण एकच असल्याने पाळीपाळीने बघू. यातलं कुणालाच फारसं कळत नाही, म्हणून बिनधास्त या. ढग असले तर आत बसून नकाशावरून तारे ओळखण्याचा सराव करू. मागच्या वेळी पाच जण होते.’

या मजकुरात शोभेचा एक शब्द नाही, पण ज्याच्या मनात ‘जावं का?’ असतं त्याला हवं ते सगळं आहे. किती चढायचं, किती वेळ बसायचं, अडाणी दिसू का, एकटा पडेन का. साठी-सत्तरीत घराबाहेर पडताना माणूस हेच प्रश्न मनात घोळवतो आणि ते विचारायला लाजतो. ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ यात त्यातल्या एकाचंही उत्तर नाही. ‘पाच जण होते’ हे मुद्दाम लिहा. तुम्हाला तो आकडा लाजिरवाणा वाटेल, नवीन माणसाला तो धीर देतो.

अक्षरं मोठी घ्या, सोळा पॉइंटच्या खाली नकोत, आणि पांढऱ्यावर काळी. रंगीत पट्ट्यांवरची पांढरी अक्षरं छापखान्याला आवडतात, वाचणाऱ्याला दिसत नाहीत. वय वाढलं की बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट पडतं, साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. हॉलमधले दिवेही त्याच हिशेबाने बघा.

निधनवार्तांचं विचारलंत. त्या पहिल्या पानावरून काढा, पण लपवू नका. शेवटच्या पानावर त्यांची ठरलेली जागा असू द्या, म्हणजे ज्याला वाचायचं तो तिथे जाईल. मजकूर मात्र बदला. ‘प्रदीर्घ आजाराने निधन झाले’ याऐवजी त्या व्यक्तीने मंडळात काय केलं ते लिहा: सहलीत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, वाचनाच्या गटात कायम उलट बाजूने बोलायचे, असं काही. तीन ओळी पुरतात. मागे राहिलेल्या जोडीदाराला महिन्याभराने मंडळातून कुणीतरी फोन करावा. पहिल्या आठवड्यात सगळेच करतात. महिन्याने घर सुनं होतं, तेव्हा ‘गुरुवारी आम्ही जमतोय, मी तुम्हाला घ्यायला येते’ असं सांगणारं माणूस लागतं. हे काम कार्यकारिणीत एका माणसावर सोपवा. तो माणूस तुम्ही नको.

तुमच्या त्या जुन्या सभासदांकडे येते. ‘तब्येत’ म्हणतात आणि रोज फिरतात, म्हणजे पाय ठणठणीत आहेत. मला शंका येते ती कानांची. वयाने येणाऱ्या बहिरेपणात बहुतेकदा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, थ, फ अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘मला ऐकू येतं, पण लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.’ घरी, समोरासमोर, एकाशी बोलताना त्यांचं निभावतं. मोठ्या हॉलमध्ये, जिथे आवाज घुमतो, पंखे घरघरतात, मागे दोघं कुजबुजत असतात, तिथे शब्द सुटायला लागतात. सगळे हसतात आणि आपल्याला विनोद कळलेला नसतो. एकदा, दोनदा, मग माणूस यायचा बंद होतो आणि कारण ‘तब्येत’ सांगतो. हे माझं अनुमान आहे, कारण दुसरंही असू शकेल. पण त्यांना ‘तुम्हाला ऐकू येत नाही का?’ असं मात्र विचारू नका, बहुधा नाहीच म्हणतील.

त्याऐवजी हॉल सुधारा, सगळ्यांसाठी. वक्त्याने माईक वापरायचाच. ‘माझा आवाज मोठा आहे, माईक नको’ म्हणणाऱ्या वक्त्याला नम्रपणे थोपवा. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज यांत फरक असतो, आणि ओरडून बोललं की स्वरच वाढतात, व्यंजनं तिथेच राहतात. वक्त्याच्या पाठीमागे खिडकी नको, उजेड चेहऱ्यावर पडू दे, म्हणजे ओठ दिसतात. प्रेक्षकांतून आलेला प्रश्न वक्त्याने माईकवर पुन्हा सांगून मगच उत्तर द्यावं. खर्च शून्य, आणि फायदा त्यांच्याइतकाच, न बोलता सोसणाऱ्या आणखी कितीतरी जणांना. मग त्या बाईंना एखाद्या छोट्या गटात बोलवा, शांत खोलीत, गोल टेबलाशी. टेबल गोल असलं की सगळे चेहरे दिसतात. तिथे त्या आल्या आणि रमल्या, तर कान तपासून घेण्याचा विषय पुढे कधीतरी त्याच काढतील किंवा टेबलावरचं कुणी तरी सहज काढेल.

निवृत्त अधिकाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. अशी एक व्यक्ती प्रत्येक मंडळाला बहाल केलेली असते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायची पद्धत सुरू करा आणि त्यांना सहा बैठकांचा एक गट द्या, तयारी करून यायच्या अटीवर. माणसं टिकली तर मंडळाला एक चांगला गट मिळाला. नाही टिकली तर हजेरीची वही त्यांना ते सांगेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

मागच्या रांगेत बसून निघून जाणाऱ्या नव्या माणसांसाठी स्वागताचं भाषण नको, शेजारी बसणारा एक माणूस हवा. सुरुवातीलाच एखादं छोटं काम त्यांच्या हातात द्या, कागद वाटणं, दिवे बघणं, काहीही. विशेषतः पुरुषांना. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सामायिक कार्यशाळा निघाल्या, ‘मेन्स शेड’ म्हणतात त्यांना. तिथे जाऊन लाकूडकाम करायचं, सायकली दुरुस्त करायच्या. समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटलं की मूग गिळून बसणारी माणसं, हातात काम असलं की शेजारच्याशी आपणहून बोलायला लागतात. आणि निघताना त्या नव्या माणसाला ‘येत जा’ म्हणू नका. ‘बुधवारी साडेचारला बुद्धिबळाच्या टेबलावर एक जागा रिकामी आहे’ असं सांगा.

उरलं तुमचं जाणं. चिटणीसपद कुणीच घेणार नाही असं तुम्हाला वाटतं, आणि आहे त्या आकारात ते खरोखर कुणी घेणार नाही. तुमच्या पत्रातल्या कामांची यादी केली तर निदान चार माणसांची कामं निघतात: हॉल आणि खुर्च्या, वक्ते, गटांच्या वेळा, बातमीपत्र. ती कागदावर वेगवेगळी लिहा, प्रत्येकाला महिन्याला किती वेळ लागतो ते समोर टाका, मुदत एक वर्ष. हॉलवाल्याचा फोन नंबर, किल्ली कुणाकडे असते, छापखान्याला मजकूर कधी द्यावा लागतो, हे सगळं, जे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे, त्याच कागदावर उतरवा. मग एकेकाला घरी जाऊन विचारा. चिटणीसपदाला ‘नको’ म्हणणारा माणूस खुर्च्यांना हो म्हणतो. तो माणूस खुर्च्या तुमच्यापेक्षा वेगळ्या मांडेल. मांडू दे.

चारपैकी तीन कामांना माणसं मिळाली आणि एक उरलं, तर ते उचलून स्वतःकडे घेऊ नका. माझा अंदाज, बातमीपत्र उरेल, लिहायची सगळ्यांनाच धास्ती असते. मग त्या महिन्यात ते निघालं नाही तर न निघू दे. सहली चालतील, गट जमतील, व्याख्यानाची वेळ फोनवरून कळेल. आठ-दहा दिवसांत कुणीतरी तुम्हाला गाठून विचारेलच, ‘या महिन्यात बातमीपत्र आलं नाही का हो?’ त्यांचं नाव टिपून घ्या, आणि तिथल्या तिथे विचारा, पुढचा अंक तुम्ही काढाल का?